नागपुरात जॅझ स्टँडर्ड्सचा पहिला अल्बम: वहीपासून प्रकाशनापर्यंत

जॅझ स्टँडर्ड्स म्हणजे जॅझचे गायक-वादक पिढ्यानपिढ्या गात-वाजवत आलेली जुनी गाणी. गायिका म्हणून त्यांचा पहिला अल्बम करायचा असेल, तर स्टुडिओची तारीख ठरवण्याआधी एक वही घ्या आणि प्रत्येक गाण्याला एक पान द्या. गाणं कोणत्या पट्टीत, किती लयीत, किती आवर्तनांचं (आवर्तन म्हणजे गाण्याची पूर्ण चाल एकदा) आणि संपतं कसं, या चार गोष्टी त्या पानावर पेनाने लिहून होईपर्यंत स्टुडिओला फोन करू नका. पहिल्या अल्बमचे पैसे बहुतेक वेळा माइकपायी किंवा मिक्सिंगपायी वाया जात नाहीत. तासाचं मीटर चालू असताना बँडसमोर उभं राहून "थोडं खालच्या पट्टीत घेऊया का?" असं विचारावं लागतं, तिथे ते जातात.

गाणी निवडताना

नऊ किंवा दहा गाणी, एकूण ३८ ते ४२ मिनिटं, इतकं पुरे. पुढेमागे विनाइल काढायची इच्छा असेल तर बारा इंची तबकडीच्या एका बाजूला १८ ते २० मिनिटं चांगली बसतात. त्याहून जास्त कोंबली की खाचा जवळ येतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते.

वीस गाण्यांच्या यादीतून सुरुवात करा आणि छाटत जा. तीनपेक्षा जास्त बॅलड, म्हणजे संथ गाणी, नकोत. पाठोपाठची दोन गाणी एकाच पट्टीत किंवा एकाच लयीत नकोत. एखादं तीन मात्रांचं, एखादं बोसा नोव्हा, म्हणजे ब्राझीलच्या ठेक्याचं, आणि एक बारा बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट, बहुधा चारचा) ब्लूज असला की ऐकणाऱ्याचा कान ताजा राहतो. शेकडो गायकांनी गायलेली अतिपरिचित गाणी दोनच ठेवा. ऐकणारा ओळखीचं काही शोधत येतो हे खरं, पण तशीच दहा गाणी मिळाली तर तो जुन्या रेकॉर्डकडेच परत जाईल.

गाण्याची लांबी वहीतच काढता येते. बऱ्याच स्टँडर्ड्सचं एक आवर्तन ३२ बारचं असतं, म्हणजे चार मात्रांच्या हिशेबाने १२८ मात्रा. १६० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला १६० मात्रा धरल्या तर, एक आवर्तन ४८ सेकंदांत संपतं, म्हणजे पाच आवर्तनं चार मिनिटांत. ७२ च्या बॅलडला मात्र तेच आवर्तन १०७ सेकंद घेतं. अशा गाण्यात पूर्ण आवर्तन गाऊन झाल्यावर दुसऱ्याचा पहिला अर्धा भाग पियानोला द्या आणि मधल्या भागापासून, म्हणजे ब्रिजपासून, तुम्ही परत या. साडेतीन मिनिटांत गाणं नीट उरकतं. बॅलडमध्ये प्रत्येक वादकाला पूर्ण आवर्तन दिलं की गाणं सात मिनिटांवर जातं आणि गायिका पाहुणी वाटू लागते.

सगळी गाणी ३२ बारची नसतात. ऑल द थिंग्ज यू आर ३६ बारचं आहे, कारण त्याचा शेवटचा भाग आठऐवजी बारा बारचा. नाइट अँड डे ४८ बारचं. बार न मोजता पाठ केलेलं गाणं नेमकं सोलोनंतर परत येताना चुकतं.

हक्कांचा प्रश्न आधी सोडवा

हा भाग कंटाळवाणा आहे, तरी निवड पक्की करण्याआधीच उरकावा. भारतात गीत आणि संगीत या दोन स्वतंत्र कृती आहेत. प्रत्येकीवर कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं हक्क असतो. कोल पोर्टर १९६४ मध्ये वारले. शब्द आणि चाल दोन्ही त्यांचीच असल्याने नाइट अँड डे भारतात १ जानेवारी २०२५ पासून मोकळं आहे. ऑल द थिंग्ज यू आरचे संगीतकार जेरोम कर्न १९४५ मध्ये आणि गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइन १९६० मध्ये गेले, त्यामुळे तेही मोकळं. माय फनी व्हॅलेंटाइनचं गणित वेगळं. गीतकार लोरेन्झ हार्ट १९४३ मध्ये गेले म्हणून शब्द मोकळे झाले, पण संगीतकार रिचर्ड रॉजर्स १९७९ पर्यंत होते, त्यामुळे चाल २०३९ अखेरपर्यंत बांधलेली.

म्हणून वहीच्या प्रत्येक पानावर गीतकार आणि संगीतकाराचं मृत्यूवर्ष लिहा. एका कृतीचे दोन कर्ते असतील तर शेवटी गेलेल्याचं वर्ष धरा.

मात्र तुमचा अल्बम जगभर ऐकू येणार, आणि बाहेर नियम निराळे. अमेरिकेत त्या काळच्या गाण्यांना प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण आहे. १९३२ चं नाइट अँड डे तिथे २०२७ अखेरपर्यंत मोकळं नाही. युरोपात साधारणपणे मृत्यूनंतर ७० वर्षं. स्ट्रीमिंगवर रचनेचा वाटा सहसा ती सेवाच हक्कदारांच्या संस्थांना देते. डाउनलोड विक्री, सीडी आणि विनाइलसाठी मात्र पुनर्ध्वनिमुद्रणाचा वेगळा परवाना लागतो. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे अल्बम स्ट्रीमिंग सेवांपर्यंत पोचवणारी कंपनी, निवडताना कव्हर गाण्यांचा, म्हणजे दुसऱ्यांची गाणी नव्याने गाण्याचा, परवाना ते मिळवून देतात का, हे पहिल्यांदा विचारा. व्हिडिओसाठीची परवानगी आणखी निराळी असते.

भारतीय कायद्यातल्या कलम ३१ सी मध्ये कव्हर व्हर्जनची सोय आहे. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच कॅलेंडर वर्षं झालेली असली की नोटीस देऊन आणि रॉयल्टी आगाऊ भरून गाणं करता येतं. पण रॉयल्टी दर गाण्यामागे वर्षाला किमान ५०,००० प्रतींची भरावी लागते. पहिल्या अल्बमला हे झेपत नाही, म्हणून हक्कदार प्रकाशकाशी किंवा इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीशी आधी बोलणं शहाणपणाचं. हक्क चालू असलेल्या गाण्याचं मराठी भाषांतर करून गाण्याचा मोह होतो. भाषांतराला लेखी परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या अल्बमात तो नाद नको.

सरावासाठी विकत घेतलेल्या किंवा नेटवरून उतरवलेल्या तयार ट्रॅकवर गाऊन तेच प्रकाशित करू नका. गाणं मोकळं असलं तरी तो ट्रॅक बनवणाऱ्याचा असतो. यूट्यूबची यंत्रणा तो काही मिनिटांत ओळखते.

पट्टी: इथे घाई नको

आपल्याकडे गायिकेची पट्टी एकदा ठरते ती कायमची. "माझी काळी चार" म्हटलं की हार्मोनियमवाला ख्याल, ठुमरी, भावगीत सगळं तिथूनच धरतो. स्टँडर्ड्समध्ये ही सवय आड येते. इथे प्रत्येक गाण्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर षड्जापासून वेगवेगळ्या अंतरावर असतो, त्यामुळे प्रत्येक गाण्याची पट्टी नव्याने काढावी लागते.

एक उदाहरण. छापील प्रत सी मध्ये आहे. गाण्यातला सर्वांत खालचा सूर मध्य सी च्या लगेच खालचा बी, वरचा सूर त्याच्या वरच्या सप्तकातला डी. गायिकेचा बोलण्याच्या आवाजातला आरामाचा टप्पा खालच्या जी पासून वरच्या बी पर्यंत. डी ला बी वर आणायचं तर गाणं तीन अर्धस्वर खाली येतं आणि पट्टी ए होते. खालचा सूर जी शार्प, म्हणजे तोही टप्प्यात. पण वरचा सूर अगदी कडेला टेकला आहे. शेवटच्या ओळीत तोच सूर लांब धरायचा असेल तर तिसऱ्या टेकला, म्हणजे तेच गाणं तिसऱ्यांदा रेकॉर्ड करताना, घसा आवळणार. आणखी अर्धा सूर खाली घ्या: पट्टी ए फ्लॅट, वरचा सूर बी फ्लॅट, खालचा जी. दोन्ही टोकं हातात. ए फ्लॅट म्हणजे आपली काळी चारच. या गाण्याला ती जुळली म्हणून पुढच्यालाही जुळेल असं धरून चालू नका.

पियानोवाल्याशी बोलताना काळी-पांढरी सोडून इंग्रजी स्वरनावं वापरा. काळी दोन म्हणजे ई फ्लॅट, काळी पाच म्हणजे बी फ्लॅट, पांढरी चार म्हणजे एफ. सॅक्सोफोन किंवा ट्रंपेट असेल तर फ्लॅटच्या पट्ट्या त्यांना सोयीच्या. गिटारवाले ए किंवा ई वर खूश असतात. वाद झाला तर गायिकेचा घसा जिंकतो.

पट्टीची परीक्षा संध्याकाळी, दिवसभर बोलून झाल्यावर घ्या. सकाळी रियाजानंतर सगळ्याच पट्ट्या सोप्या वाटतात.

लय आणि उच्चार

मेट्रोनोम ६० वर लावा आणि ती टकटक दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडते आहे असं समजून १२० च्या लयीत गा. समेवर टाळी द्यायची सवय असलेल्यांना पहिले आठ दिवस हे उलटं वाटतं. थोड्या वेळाने टाळी आपोआप एक आणि तीनवर सरकू लागली की थांबून पुन्हा सुरू करा. स्विंगमध्ये एका मात्रेचे दोन भाग समान नसतात. मध्यम लयीत पहिला साधारण दुप्पट लांब असतो, पण लय वाढते तसा फरक कमी होतो. द्रुत गाण्यात तोच दोनास एक हट्ट धरला की गाणं लंगडतं आणि दादऱ्याचा भास होतो.

शास्त्रीय तालमीतून आलेल्यांनी दोन गोष्टी आवरायच्या. एक, प्रत्येक सूर खालून मींडेने उचलणं. दुसरी, ओळीच्या शेवटी मुरकी. एका ओळीत एखादी जागा शोभते, चार घेतल्या की शब्द वाहून जातात. सूर आधी सरळ लावा आणि कंप शेवटच्या तृतीयांशात येऊ द्या. स्कॅटची, म्हणजे शब्दांऐवजी निरर्थक अक्षरांवर सुचेल तसं गाण्याची, हौस असेल तर अल्बममध्ये एकाच गाण्यात ठेवा, आणि तेही स्वरसंगतीवर चालता येत असेल तरच.

आता उच्चार, कारण मराठी गायकाचं इंग्रजी गाणं सगळ्यात आधी इथे उघडं पडतं. मराठी व दोन इंग्रजी व्यंजनांच्या मधोमध बसतो. लव्हमधल्या व ला वरचे दात खालच्या ओठावर टेकले पाहिजेत. वंडरमधल्या व ला दात लागतच नाहीत, ओठांचा चंबू करून उ म्हणत सुटायचं. आपला ट जीभ मागे वळवून टाळूवर मारतो. नाइटमधला ट वरच्या दातांच्या लगेच मागे, हिरडीवर, हलकेच लागतो. स्टुडिओतल्या संवेदनशील कंडेन्सर माइकसमोर आपला ट टिचकीसारखा ऐकू येतो. नाइट लांब धरायचा असेल तर आ धरा आणि इ अगदी शेवटी, ट च्या जरा आधी येऊ द्या. ना नंतर लगेच इ वर गेलात तर सूर अरुंद होतो. डे चंही तसंच: ए धरायचा, इ ने मिटायचं.

मराठीत अक्षरं बरीचशी समान वजनाने पडतात. इंग्रजीत द, अ, ऑफ यांसारखे शब्द जवळजवळ गिळले जातात. यासाठी गाणं आधी चालीशिवाय, मैत्रिणीला सांगावं तसं बोलून काढा. बोलताना जे शब्द हलके पडले ते गाण्यातही हलकेच पडू द्या.

बँड आणि कागद

पियानो, डबल बास आणि ड्रम्स असा त्रिकुटाचा साचा सोयीचा. डबल बास वाजवणारा गावात मिळाला तर उत्तम. नाही तर इलेक्ट्रिक बासला फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत पृष्ठाच्या, तारा लावा, टोनचं बटण निम्म्याहून खाली आणा आणि अंगठ्याने वाजवायला सांगा. मुंबईहून तिघांना आणायचं तर विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतो रात्री निघून सकाळी पोचते. डबल बास घेऊन प्रवास मात्र जिकिरीचा, तेव्हा वाद्याची व्यवस्था आधीच विचारा. बजेट तुटपुंजं असेल तर आवाज आणि गिटार किंवा आवाज आणि पियानो एवढ्यावर अल्बम करा. कीबोर्डमधल्या नकली व्हायोलिनांच्या गादीवर बसवलेल्या अल्बमपेक्षा तो शंभर पटींनी बरा.

प्रत्येक वादकाला त्याच्या हातात देता येईल असा एक पानी लीड शीट हवा: बदललेल्या पट्टीत सूर आणि कॉर्ड, लयीचा आकडा, सुरुवात किती बारची, सोलो कोणाचे, परत कुठून आणि शेवट. शेवटाला टॅग म्हणजे शेवटची ओळ तीनदा. मराठी कानाला ही तिहाई वाटते, पण इथे समेवर येण्याचं गणित नसतं. पहिल्या दोन वेळा कॉर्ड ऐकणाऱ्याला चकवून पुढे नेतात आणि तिसऱ्यांदा घरी आणतात. "शेवट बघून घेऊ" असं ठेवलेलं प्रत्येक गाणं स्टुडिओत अर्धा तास खातं.

तालमी तीन घ्या. शेवटची तालीम फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि घरी ऐकताना लयीचे आकडे तपासा. तालमीत उत्साहाने लय वाढलेली असते.

नागपूरचं वेळापत्रक

ध्वनिमुद्रणासाठी मकर संक्रांतीनंतरचे पाच-सहा आठवडे सर्वांत चांगले. संक्रांतीला गच्च्यांवर पतंगांबरोबर स्पीकर असतात, ते ओसरू द्या. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशनामुळे हॉटेलांच्या खोल्या महागतात आणि सिव्हिल लाइन्स, सीताबर्डीकडचे रस्ते वळवलेले असतात. बाहेरून वादक येणार असतील तर तो महिना सोडा. एप्रिल-मेमध्ये कूलर बंद करून खोलीत बसवत नाही आणि चालू ठेवून रेकॉर्डिंग होत नाही. पावसाळ्यात हवेतली ओल वाढते तसा पियानोचा साउंडबोर्ड फुगतो आणि मधले सूर चढतात, उन्हाळ्यात कोरड्या हवेने उतरतात. खरा पियानो वापरणार असाल तर ट्यूनिंग रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशीच करून घ्या, ए सूर ४४० हर्ट्झवर धरून, आणि ट्यूनरची तारीख स्टुडिओच्या आधी पक्की करा.

जागा पाहायला जाताना ज्या वेळी गाणार त्याच वेळी जा. वर्धा रोड, सोनेगावच्या बाजूला विमानं, मेट्रोच्या मार्गाजवळ दर काही मिनिटांनी घरघर, आणि जवळपास लग्नाचं लॉन असेल तर रात्री डीजे. दहा मिनिटं डोळे मिटून बसा. मग पंखा, एसी, फ्रिज बंद करायला लावून हेडफोनवर रिकामी खोली ऐका. सतत गुणगुण येत असेल तर ती बहुधा ५० हर्ट्झची विजेची घरघर असते, जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग नीट नसल्याची खूण. ती नंतर पूर्ण निघत नाही. संगणक आणि इंटरफेस यूपीएसवर असलेच पाहिजेत.

रेकॉर्डिंगचे दोन दिवस

दिवसाला चार ते पाच गाणी, गाण्याला तीन ते चार टेक. पहिल्या दिवशी दोन तास मांडणी आणि आवाजाच्या चाचणीत जातात, ते हिशेबात धरा. मध्यम लयीच्या सोप्या गाण्याने सुरुवात करा आणि बॅलड दुपारनंतर घ्या, तेव्हा आवाज मोकळा झालेला असतो. आदल्या रात्री सावजी नको. आम्लपित्त वर आलं की सकाळी घसा जड होतो आणि वरचे सूर चोंदतात.

सगळ्यांनी एकत्र वाजवावं, गायिका वेगळ्या खोलीत किंवा आडोशामागे असावी. बॅलडला क्लिक ट्रॅक, म्हणजे हेडफोनमधली लयीची टकटक, लावू नका. लय श्वासाबरोबर थोडी हलली पाहिजे. आडोशाला महागडे पॅनल नसतील तर दोन स्टँडवर जाड गोधड्या टाका, एक गायिकेच्या पाठीमागे आणि एक बाजूला. माइक मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर, तोंडापासून वीतभर म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये तोंडाची फुंकर अडवणारा पॉप फिल्टर. हळू ओळीला जवळ जाणं ठीक, पण जवळ गेलं की खर्ज फुगतो, हे लक्षात ठेवून मागे-पुढे व्हा. पियानोला हातोड्यांपासून फूटभर अंतरावर दोन माइक, ब्रशने वाजणाऱ्या ड्रम्सना वरून दोन आणि बास ड्रमला एक, बासला माइक आणि थेट लाइन दोन्ही.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा. सर्वांत मोठ्या सुराला मीटर उणे १० ते १२ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास राहील अशी पातळी लावा. २४ बिटमध्ये हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला मात्र जोडता येत नाही. १२ ट्रॅक, पाच मिनिटांचे ३६ टेक म्हणजे सुमारे १९ जीबी. रोज रात्री निघण्याआधी त्याच्या दोन प्रती करा आणि एक प्रत दुसऱ्या घरी न्या.

चौथा टेक तिसऱ्यापेक्षा वाईट झाला की ते गाणं सोडून पुढे जा. टेक निवडताना सुरापेक्षा शब्द पोचतात का ते पाहा. आधी पूर्ण टेक निवडावा, मग गरज असेल तिथे दुसऱ्या टेकमधली ओळ बसवावी. पण एकत्र वाजवलेल्या बँडचा आवाज गायिकेच्या माइकमध्ये झिरपला असेल तर अशी ओळ सांधताना सिंबलचा सूर तुटलेला ऐकू येतो. म्हणून सांधा श्वासावर किंवा पहिल्या मात्रेवर घ्या.

मिक्स, मास्टर, प्रकाशन

आवाज पुढे, बँड त्याच्या अर्धं पाऊल मागे. आवाजाला ८० हर्ट्झखाली कापा. कॉम्प्रेशन, म्हणजे मोठ्या आवाजाला दाबणं, दोनास एक किंवा तीनास एक, तीन-चार डीबीपेक्षा जास्त दाबू नये. प्लेट रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, दीड सेकंदाच्या आसपास आणि त्याआधी ३० मिलिसेकंदांचा विलंब, म्हणजे शब्द कोरडे राहून मागे खोली ऐकू येते. पिच दुरुस्ती एखाद्या घसरलेल्या सुरापुरती. ओळभर लावली की सूर सरकण्याआधीची ती हालचालच पुसली जाते.

मास्टरला, म्हणजे प्रकाशनासाठीच्या अंतिम प्रतीला, मोठ्या आवाजाचा आग्रह धरू नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं हे माप) सगळं समान करतं, त्यामुळे दाबून मोठा केलेला मास्टर तिथे खाली ओढला जातो आणि चपटा तेवढा राहतो. उणे १६ ते १४ आणि शिखर उणे १ डीबी पुरे.

प्रकाशनाच्या चार आठवडे आधी २४ बिट डब्ल्यूएव्ही फाइल आणि ३००० गुणिले ३००० पिक्सेलचं मुखपृष्ठ द्या. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं पाठवायचं तर किमान सात दिवस आधी. दर गाण्याला बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची ओळख, लागतो, तो डिस्ट्रिब्युटर देतो. गाण्यांची नावं आणि गीतकार-संगीतकार मूळ नोंदीप्रमाणे अक्षरशः लिहा. एक आद्याक्षर चुकलं तरी रॉयल्टीचा हिशेब अडकतो. वादकांशी मानधन आणि हक्कांचा एक पानी करार रेकॉर्डिंगच्या सकाळीच सही करून घ्या, अल्बम आल्यावर तो विषय अवघडतो.

प्रकाशनाचा कार्यक्रम करणार असाल तर सभागृहाचं सार्वजनिक सादरीकरणाचं लायसन्स आयोजकाच्या नावावर आहे का ते बघा, आणि रेकॉर्डिंगचेच लीड शीट, त्याच पट्टीत, चार प्रतींसह न्या. मंचावर पट्टी अर्धा सूर वर घ्या असा सल्ला कोणीतरी देईलच. वहीचं पान उघडून दाखवा.